फुलं चार दिवसांच्या रजेत बसत नाहीत

वाचक विचारतात – या वेळी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स

मागच्या अंकात पावसाळी भटकंतीबद्दल लिहिताना उत्तराखंडातल्या फुलों की घाटीचा जाता जाता उल्लेख केला होता, दोनच ओळी होत्या, पण त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की म्हटलं आता या वेळचं सगळं पान त्यालाच देऊन टाकूया. मी तीनदा गेलेय तिकडे. एकदा फुलं दिसलीच नाहीत, एकदा अर्धी दिसली, एकदा पोटभर. त्या हिशोबानं उत्तरं वाचा.

आम्ही चौघं आहोत, मी, मिस्टर, ११ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ६७). १५ ऑगस्टला जोडून चार दिवस रजा मिळतेय. टूरवाला म्हणतो मुंबई-डेहराडून विमान घेतलं की आरामात होतं. तो फुलांचा गालिचा नक्की कोणत्या तारखेला असतो? – एक वाचक, डोंबिवली

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते सोपं आहे. तारीख नसते. साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त फुलं असतात, त्यामुळे तुमची वेळ चांगली आहे, पण इंटरनेटवरच्या फोटोत दिसतो तसा सलग गुलाबी गालिचा हा एखाद्या उतारावर, एखाद्या आठवड्यात आणि ढग बाजूला झाले तरच दिसतो. शिवाय तिथं दर आठपंधरा दिवसांनी रंग बदलतात, पहिल्यांदा आलेली फुलं संपतात, दुसरी येतात. तुम्ही ज्या दिवशी जाल त्या दिवशी जे असेल ते तुमचं.

आता चार दिवस. टूरवाल्याला विचारा की त्यानं मोजलेत कसे, कारण मी बोटं मोजून सांगते. पहिला दिवस मुंबईहून डेहराडून, तिथला विमानतळ ऋषिकेशच्या जवळ आहे त्यामुळे संध्याकाळी ऋषिकेश. दुसरा दिवस संपूर्ण गाडीत, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपळकोटी करत जोशीमठ. नकाशावर अडीचशेच किलोमीटर दिसतात म्हणून आपण मुंबई-महाबळेश्वरसारखा हिशोब करतो, पण हे दहा-अकरा तास जातात, तेही रस्ता मोकळा असेल तर, आणि रात्री डोंगरात गाड्या चालवू देत नाहीत त्यामुळे उशीर झाला तर वाटेत जिथं असाल तिथं मुक्काम. तिसरा दिवस जोशीमठहून गोविंदघाट, तिथून पुलना गावापर्यंत चारेक किलोमीटर जीप, आणि पुलनाहून घांघरिया सुमारे दहा किलोमीटर चालत नाहीतर खेचरावर. घांघरियाच्या पुढे राहायची सोय नाही, म्हणजे तिथंच मुक्काम. चौथा दिवस घाटी. झाले की चार दिवस! आणि तुम्ही अजून हिमालयातच आहात, खाली यायचे तीन दिवस कोण देणार?

म्हणजे कमीत कमी सात दिवस, आणि त्यात एक कोरा दिवस धरला तर आठ. हा कोरा दिवस मी सगळ्यांना सांगते आणि सगळेजण तोच पहिल्यांदा कापतात. मीही कापला होता. पहिल्या वेळी हरिद्वारहून परतीची ट्रेन अशी घट्ट बुक केलेली की एक तास इकडेतिकडे व्हायला नको, आणि जाताना पिपळकोटी सोडून थोडं पुढे गेलो तर पागल नाल्यापाशी दरड. नाव उगाच नाही ठेवलेलं त्या नाल्याला. साडेसहा तास तिथं बसलो होतो, समोर एक जेसीबी दगड ढकलतोय, तो ढकलून झाला की वरून आणखी चार येतात, गाड्यांच्या रांगेत एका सरदारजींनी स्टोव्ह काढून सगळ्यांना चहा पाजला, ड्रायव्हर निवांत झोपला आणि मी मात्र घड्याळाकडे बघून रक्त आटवत होते. शेवटी घाटीसाठी दोन दिवस ठेवले होते त्याचा एक झाला, आणि त्या एका दिवशी सकाळपासून धुकं, हात लांब केला तर बोटं दिसायची बंद. फुलं बघायला गेले आणि पाणी निथळणारी माझीच पोंचो बघून आले.

तेव्हा तुमच्यासाठी स्पष्टच सांगते, १५ ऑगस्टच्या चार दिवसांत हे करू नका. त्या वीकेंडला गर्दीही सगळ्यात जास्त असते, घांघरियात खोली मिळत नाही. रजा वाढवून मिळत असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला आठ दिवस काढा. नसेल मिळत तर याच चार दिवसांत आपल्याकडे भंडारदरा करा, मुलीला शाळा बुडवून पुढच्या वर्षी न्या, शाळेत काय दरवर्षी तेच असतं. ११ वर्षांची पोरगी मस्त चालेल, तुमच्याआधी पोचेल. सासूबाईंचं पुढच्या उत्तरात आहे.

माझं वय ६२, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे कुरकुरतात पण रोज पाच किमी चालते. घाटी आणि हेमकुंड साहिब दोन्ही जमेल का? खेचर घ्यावं का? – एक वाचक, नाशिक

घाटी जमेल, हेमकुंडचा (घांघरियाच्या वर तळ्याकाठी असलेल्या शिखांच्या गुरुद्वाराचा) विचार तिथं गेल्यावर करा.

थोडं आकड्यांत सांगते म्हणजे अंदाज येईल. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तुम्ही रात्री झोपताच कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर. तिथून घाटीचा रस्ता तीन-चार किलोमीटर, सुरुवातीला उतरून पुष्पावती नदीवरचा पूल येतो आणि पुलानंतर एक दमछाक करणारी चढण आहे, दगडी पायवाट, ती संपली की मग घाटी उघडते आणि पुढे जवळजवळ सपाट. हेमकुंड साहिब मात्र चार हजार मीटरच्या वर, आणि घांघरियाहून सहाच किलोमीटरमध्ये हजार-अकराशे मीटरहून जास्त चढायचं. तेही एका दिवसात वर जाऊन परत, कारण वर कोणालाच मुक्काम करू देत नाहीत आणि दुपारी खाली पिटाळतात.

तिथं गुडघ्यांपेक्षा डोकं आधी कुरकुरतं. विरळ हवेनं डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं असं सुरू झालं तर त्याला पित्त म्हणून दुर्लक्ष करू नका, आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला पित्त म्हणायची सवय आहे. चढायचं थांबवायचं, आणि वाढलं तर खाली यायचं, औषध एवढंच. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) तुमच्या डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा, स्वतःच्या मनानं घेऊ नका, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही आणि तुमची बीपीची गोळी कोणती आहे हेही त्यांना माहीत असायला हवं. पाणी भरपूर प्या. बायका वाटेत बाथरूमची पंचाईत म्हणून पाणी टाळतात, मीही टाळायचे, आणि मग दुपारी डोकं फुटायचं.

खेचराचं असं आहे की पुलना ते घांघरिया आणि घांघरिया ते हेमकुंड या दोन्ही वाटांवर मिळतं, पण घाटीत आत खेचर चालत नाही, बंदी आहे. घाटीत चालवतच नसेल तर पिठ्ठू मिळतो, म्हणजे पाठीवरच्या वेताच्या टोपलीत माणसाला बसवून नेणारा. मला स्वतःला ते बघवत नाही, पण तिथल्या पोरांचं वर्षाचं उत्पन्न या चार महिन्यांवर असतं हेही खरं, त्यामुळे मी यावर कोणाला उपदेश करत नाही. डोंबिवलीच्या सासूबाईंना मी सांगेन की घांघरियापर्यंत खेचर घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या घाटीसाठी पाय ताजे राहतील. उतरताना मात्र खेचर नको. चढताना ते बरं, उतरताना माणूस पुढे कलंडतो आणि गुडघ्यांऐवजी कंबर जाते. हवा चांगली असेल तर गोविंदघाट-घांघरिया हेलिकॉप्टरही उडतं, पण ऑगस्टमध्ये त्याच्या भरवशावर प्लॅन करू नका.

हेमकुंडला गेलात तर वर गुरुद्वारात गरम खिचडी आणि स्टीलच्या ग्लासात चहा मिळतो. बोटं बधिर झालेली असतात, तो ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचं आणि समोर तळं, त्यावरून ढग सरकतायत. गुरू गोविंदसिंगांनी आधीच्या जन्मी तप केलेली जागा हीच अशी शिखांची श्रद्धा आहे आणि काठावरच लक्ष्मणाचं देऊळही आहे.

आम्ही दरवर्षी कास पठारला जातो. एवढा खर्च करून हिमालयात जाऊन तसंच काहीतरी बघायचं असेल तर काय उपयोग? – एक वाचक, कोथरूड

बरोबर कोथरूडचा प्रश्न आहे. :)

तसं नाहीये. कास म्हणजे सड्यावर बोटभर मातीत उगवलेली वीतभर उंचीची फुलं, आपण वाकून बघतो. इथं उलट, ऑगस्टमध्ये झाडं तुमच्या खांद्याला लागतात, कधी डोक्याच्या वर जातात, तुम्ही फुलांच्या मधून चालता आणि वर दोन्ही बाजूंना बर्फाची शिखरं. पाचशेच्या वर फुलझाडांच्या जाती आहेत म्हणतात आणि सगळं उद्यान ८७.५ चौरस किलोमीटरचं, त्यातली आपण चालतो ती पायवाट म्हणजे एक रेघ फक्त.

पण एक गंमत सांगते. तिथं जे गुलाबी दिसतं ना, ज्याचे फोटो सगळीकडे फिरतात, तो चक्क तेरडा आहे. म्हणजे आपल्या तेरड्याचा उंच पहाडी भाऊ, फुलाचा आकार तोच, मागे तीच शेपटी, आणि शेंग पिकल्यावर बोट लावलं की फट्कन फुटून बिया उडतात तेही तसंच. मी तिथं एका गाइडला म्हटलं की आमच्याकडे गौरीला हा लागतो, कोकणात तर तेरड्याचीच गौर मांडतात, तर तो हसून वर बोट दाखवून म्हणाला, तो बघा गौरी पर्वत. खरंच, घाटीच्या डोक्यावरच्या शिखराचं नाव गौरी पर्वत आहे, ६,७०० मीटरच्या आसपासचं. माझ्या अंगावर काटा आला होता, आता लिहितानाही आला. आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण तिथं शब्दशः पटते, म्हणून तर तारीख विचारू नका म्हणते.

दुसरी गंमत ब्रह्मकमळाची. पुण्यात ज्यांच्या गॅलरीत रात्री बारा वाजता फूल उमलतं आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर पंचवीस फोटो येतात, ते ब्रह्मकमळ नव्हे, ते मेक्सिकोकडून आलेलं निवडुंगाच्या जातीचं झाड आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात चार हजार मीटरच्या सुमारास दगडांमध्ये येतं, फिकट पिवळसर-हिरवट, कागदासारख्या पाकळ्यांची ओंजळ, आणि आत जांभळट गोंडा. खरं तर त्या पाकळ्याही नव्हेत, पानंच आहेत ती, थंडीपासून आतली फुलं झाकायला. घाटीत खाली ते दिसत नाही, हेमकुंडच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात दिसतं. तिथल्या लोकांत ते नंदादेवीला वाहायचं फूल आहे. तुम्ही तोडू नका. निळी पॉपीही त्याच चढणीवर बघा, निळा रंग असा की मोबाइलच्या कॅमेऱ्यात येतच नाही.

कासला गर्दीत रांगेनं चालून वैतागला असाल तर इथंही सकाळी गेटवर रांग असते, पण अर्ध्याहून जास्त लोक पहिला मोकळा उतार आला की फोटो काढून डबा खाऊन परत फिरतात. तुम्ही आणखी दोन किलोमीटर चला. तिथं एक कबर आहे, जोन मार्गारेट लेग नावाच्या बाईची. १९३१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे साथीदार कामेत शिखर चढून परतताना पावसात वाट शोधत या घाटीत उतरले, तेव्हापासून ही जागा बाहेरच्या जगाला कळली (वाटेवरच्या भ्यूंडार गावच्या मेंढपाळांना अर्थातच आधीपासून माहीत होती, त्यांना कोण विचारतो). त्यानंतर ही लेग बाई फुलं गोळा करायला आली आणि १९३९ मध्ये उतारावर घसरून गेली. पन्नाशी ओलांडलेली होती. नंतर तिच्या बहिणीनं दगड बसवला, त्यावर डोंगरांकडे डोळे लावण्याबद्दलची बायबलची ओळ आहे. मी गेले तेव्हा कोणीतरी दगडापाशी पार्ले-जीचा पुडा ठेवला होता, अर्धा खाल्लेला की अर्धा वाहिलेला कोण जाणे.

मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, मित्रांबरोबर टेंट घेऊन घाटीतच दोन रात्री राहायचा प्लॅन आहे. ड्रोन पण आहे. बजेट कमी आहे. – एक वाचक, कोल्हापूर

टेंट घरी ठेव, ड्रोनही घरी ठेव. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हापासून आत मुक्काम नाही, सकाळी सातला गेट उघडतं, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर यावंच लागतं, गेटवर नावं लिहून घेतात आणि मोजतात. आत चहाची टपरीसुद्धा नाही, डबा आणि पाणी घेऊन जायचं आणि रिकामी पाकिटं परत आणायची.

त्याच वेळी गुरं-मेंढ्या चारणंही बंद झालं आणि त्यावरून आजतागायत वाद आहे, कारण चराई थांबल्यावर पॉलिगोनम नावाचं एक दांडगं झाड इतकं माजलं की बाकीच्यांना जागा उरेना, आता वन खातं माणसं लावून ते उपटून काढतं. काही जण म्हणतात मेंढ्याच बऱ्या होत्या, काही जण म्हणतात मेंढ्यांनी फुलंही खाल्ली असती. तुला पर्यावरणाचा प्रोजेक्ट करायचा असेल तर विषय फुकटात देते.

बजेटचं म्हणशील तर हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे जोशीमठ-बद्रीनाथच्या बस सुटतात, पहाटे म्हणजे खरोखर पहाटे, चार-पाचला स्टँडवर हजर. पुढे शेअर जीप. गोविंदघाट आणि घांघरिया दोन्हीकडे गुरुद्वारा आहे, तिथं राहायला आणि लंगरला कोणी जातपात विचारत नाही, पण ती यात्रेकरूंची जागा आहे, डोकं झाका, बिडी-सिगारेट-दारू अजिबात नको, भांडी उचलायला हात लावा आणि निघताना जमेल तेवढं पेटीत टाका. फुकटचं हॉटेल समजून राहणारी आपली पोरं मी बघितलीयत, लाज वाटते. पैसे जोशीमठलाच एटीएममधून काढून घे, वर नेटवर्क आणि यूपीआयच्या भरवशावर राहू नकोस.

काय काय सामान न्यावं? यादी द्या. – एक वाचक, सांगली

यादी नाही देत, सगळीकडे आहे. तीनच गोष्टी ज्या मला महागात पडल्या. जीन्स नेऊ नका, ओली झाली की तीन दिवस वाळत नाही आणि दगडासारखी जड होते. नवे कोरे बूट घालून थेट तिथं जाऊ नका, आधी महिनाभर घरच्या डोंगरावर घासून घ्या, मी घासले नव्हते आणि घांघरियात पहिल्या संध्याकाळी दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. आणि सॅकला वरून कव्हर घातलं तरी आतले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, कारण पाठीकडून पाणी आत जातंच. छत्रीला लोक हसतात, पण बिनवाऱ्याच्या पावसात छत्रीएवढं सुख नाही. खायला मेतकूट आणि लसणाची चटणी न्या, तिथं सकाळ-संध्याकाळ पराठा, मॅगी, राजमा-चावल एवढंच फिरून फिरून येतं.

२०१३ चा प्रलय आठवला की घरचे नको म्हणतात. आता सेफ आहे का? – एक वाचक, नागपूर

घरच्यांची काळजी खोटी नाही. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या बातम्यांत बाकी सगळं झाकलं गेलं पण त्याच दिवसांत लक्ष्मणगंगेनं भ्यूंडार गावाची घरं नेली, गोविंदघाटचा पूल नेला, पायवाट नेली, पुढे वर्षभर सगळं बिघडलेलं होतं. आजही पुलनाहून जाताना भ्यूंडारपाशी पूल ओलांडायच्या आधी नदीकाठी घरांएवढे पांढरे धोंडे पसरलेले दिसतात, ते त्या पुराचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जोशीमठच्या जवळच ऋषिगंगेला पूर आला, आणि जानेवारी २०२३ मध्ये खुद्द जोशीमठातल्या घरांना तडे गेले. कोवळा डोंगर आहे, त्यावर रस्ते आणि बोगदे, आणि वरून पाऊस.

त्यामुळे सेफ आहे असं मी लिहून देणार नाही. करता येण्यासारखं एवढंच की हवामान खात्यानं चमोली जिल्ह्याला रेड अलर्ट दिला असेल तर असाल तिथं थांबायचं, दुपारनंतरचा प्रवास टाळायचा, नदीच्या अगदी काठावरचं हॉटेल व्ह्यू छान आहे म्हणून घ्यायचं नाही, आणि ड्रायव्हर थांबूया म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. आमच्या गाडीतले एक काका दरड पडलेली असताना ड्रायव्हरला "निकाल लेंगे, धीरे धीरे" असं सांगत होते, त्यांना विमान गाठायचं होतं. पुन्हा तेच, कोरा दिवस नव्हता त्यांच्याकडे.

पावसाची फारच धास्ती असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा. गुलाबी संपत आलेलं असतं, पिवळं आणि लालसर वाढतं, आकाश जास्त वेळ मोकळं असतं आणि शिखरं दिसतात. मला तर तीच वेळ जास्त आवडते पण त्या फोटोंना लाइक मिळत नाहीत.

आम्ही न्यू जर्सीला असतो, डिसेंबरच्या सुट्टीत भारतात येतोय, मुलांना फुलों की घाटी दाखवायची आहे. – एक वाचक

डिसेंबरात तिथं फक्त बर्फ असतो हो. घाटी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते, थंडीत घांघरिया गावच बंद असतं, माणसं खाली उतरतात. तुमच्याकडे मुलांना जुलैत सुट्टी असते ना, मग जुलैच्या शेवटी या. जूनच्या सुरुवातीला आलात तर फुलं थोडी पण वाटेत बर्फ ओलांडायला मिळेल, मुलांना त्याचीच मजा जास्त.

मी ५८ वर्षांची आहे, मिस्टरांना डोंगराची आवड नाही, मुलं आपापल्या कामात. एकटीनं गेले तर चालेल का? वेड्यासारखं वाटतंय विचारताना. – एक वाचक, रत्नागिरी

अहो ताई, वेड्यासारखं काय त्यात! माझी तिसरी खेप एकटीचीच होती आणि पोटभर फुलं त्याच वेळी दिसली, कारण कोणाची घाई नव्हती, घाटीला दोन दिवस दिले. पहिल्या दिवशी पाऊस. दुसऱ्या दिवशीही अकरापर्यंत पाऊस, बरेच लोक वैतागून परत फिरले, मी एका दगडाच्या आडोशाला डबा खात बसले, आणि साडेअकराला कोणीतरी पडदा ओढावा तसं धुकं वर गेलं. दीड तास. मग पुन्हा आलं.

त्या वाटेवर एकटं वाटतच नाही, हेमकुंडचे यात्रेकरू सतत जात-येत असतात, ऐंशीच्या सरदारणी काठी टेकत "वाहेगुरू वाहेगुरू" करत चढतात आणि दमलेल्या माणसाला थांबून हातावर खडीसाखर ठेवतात. तरी काही गोष्टी करा. हरिद्वार ते जोशीमठ एकटीनं टॅक्सी करू नका, महाग पडते आणि कंटाळाही येतो, एखाद्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर जोशीमठपर्यंत जा किंवा दिवसाची बस घ्या. एजंटला सगळे पैसे आधी देऊ नका. मी दिले होते, नाव लिहीत नाही पण "डीलक्स रूम" म्हणून जी खोली मिळाली तिचं दार लागत नव्हतं, रात्रभर दाराला खुर्ची लावून झोपले. घांघरियातली खोली स्वतः फोन करून ठरवा, गढवाल मंडळाचं सरकारी गेस्ट हाऊस तिथं आहे, त्याचं बुकिंग ऑनलाइन होतं पण ऑगस्टसाठी मे महिन्यातच बघा. हेमकुंडला किंवा तिथून जवळच असलेल्या बद्रीनाथला जाणार असाल तर चारधाम यात्रेची सरकारी नोंदणी घरूनच करून प्रिंट जवळ ठेवा. घाटीच्या पहिल्या दिवशी गाइड घ्या, फुलांची नावं कळतात, दुसऱ्या दिवशी एकट्या जा.

आणि मिस्टरांच्या जेवणाची सोय करून जायच्या भानगडीत पडू नका. फक्त गौरी बसायच्या आधी परत या, तेरडा आणायला.